जठरातील काळे ठिपके



गेल्या पावसाळ्यात माझ्या वडील बहिणीच्या जठराची येथे इंदुरात दुर्बिणीने तपासणी झाली. रक्त कमी म्हणून ती बरेच महिने लोहाच्या गोळ्या घेत होती; रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार तर जुनेच. कागदावर एक ओळ होती : अस्तरावर काळे ठिपके. ‘‘अरे, मी आतूनही काळवंडले म्हणायचे!’’ असे म्हणून ती हसली खरी. पण त्या रात्री घरात कोणाला झोप लागली नाही. कर्करोगाचे नाव कोणीच उच्चारले नव्हते, आणि मनात मात्र सर्वांच्या तेच होते.

आठवड्याने, काढून घेतलेल्या सूक्ष्म तुकड्याचा अहवाल आला. या प्रकाराला वैद्यकात छद्म-मेलॅनोसिस म्हणतात. छद्म अशासाठी की, त्वचेला वर्ण देणारे मेलॅनिन येथे बहुधा नसतेच. अस्तराखालील भक्षक पेशींत लोह व गंधक यांच्या संयुगाचे कण साठतात आणि तेच काळे दिसतात. बहुतेक वेळा हे ठिपके लहान आतड्याच्या आरंभी आढळतात, जठरात फारच क्वचित. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार आणि लोहाच्या गोळ्या यांच्याशी त्यांचा संबंध दिसून आला आहे. मोठ्या आतड्यातला काळेपणा मात्र निराळा. तो आपल्या परिचयाच्या सोनामुखीसारख्या रेचकांच्या नित्य सेवनाने येतो आणि रेचक सोडल्यावर काही महिन्यांत ओसरतो.

डोळ्यांनी पाहून मात्र निर्णय देता येत नाही. काळ्या रंगाचा घातक अर्बुदही क्वचित जठरात उतरतो, म्हणून तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावाच लागतो. तो आठवडा व्यर्थ गेला असे म्हणूनच मला वाटत नाही.

जाता जाता सांगतो, या लवचीक दुर्बिणीच्या जन्मात एका भारतीयाचा वाटा आहे. मोगा येथे जन्मलेले व आग्र्यास शिकलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह काचेच्या तंतूंतून प्रतिमा नेण्याचा प्रयोग 1954 साली प्रसिद्ध केला. तो वाचून डॉ. हिर्शोविट्झ यांनी जठरदर्शक घडविला, आणि 1957 साली तो प्रथम स्वतःच गिळला!

ठिपक्यांवर उपचार नाही. त्याची गरजही नाही. ‘‘मग लोहाच्या गोळ्या सोडू का?’’ असे बहिणीने विचारले. ‘‘ठिपक्यांसाठी मुळीच नको,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘आधी रक्त तपासू.’’ रक्त अद्याप कमीच निघाले. गोळ्या चालू आहेत.