धान्य आले, तरी मूल का गेले?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. इतिहास-भूगोल शिकवणारा साधा शिक्षक आहे. तेव्हा कुपोषणावर मी बोलावे हा थोडा आगाऊपणाच आहे. पण या विषयाकडे मी पुस्तकातून वळलो नाही, एका चुकीमुळे वळलो. ती चूक माझ्या हातून झाली आणि तीत आपणां सर्वांचे पैसे व श्रम होते, म्हणून ती आपल्यासमोरच सांगणे रास्त होईल.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात महापूर आला, तेव्हा आपल्या मोहल्ल्याने दोन दिवसांत एक टेम्पो भरून दिला होता. तांदूळ, पीठ, चादरी, मेणबत्त्या आणि माझ्या सूचनेवरून तान्ह्या मुलांसाठी दूध पावडरीचे डबे व बाटल्या. मला त्या सूचनेचा मोठा अभिमान वाटत होता. एका छावणीत आम्ही डबे वाटू लागलो. अकरा डबे गेले आणि तेथल्या आरोग्यसेविका धावत आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, हे कालवायला पाणी कुठलं घेणार? बाटली उकळायला इथं चूल तरी दिसते का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. चोहीकडे पाणीच पाणी, पण पिण्याजोगे टँकर येईल तेवढेच. त्या बाईंनी मला बाजूला नेऊन समजावले. गढूळ पाण्यात कालवलेले दूध म्हणजे तान्ह्या मुलाला हगवण. डबा पुरवायचा म्हणून आई ते पातळ करते, म्हणजे पोट भरते पण पोषण होत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, बाटली मिळाली की अंगावरचे पाजणे कमी होते आणि मग आईचे दूध खरोखरच आटते. डबा आठ दिवसांत संपतो, त्यानंतर त्या मुलाने काय प्यावे? अनाथालयाखेरीज इतर कोणालाही असे डबे व बाटल्या दान म्हणून वाटण्यास १९९२ च्या एका कायद्याने मनाई आहे, हेही मला त्याच दिवशी कळले. आमच्या बी. एड. च्या अभ्यासक्रमात ते नव्हते. उरलेले डबे आम्ही परत आणले. ते अकरा मात्र कोणाकोणाकडे गेले ते शोधूनही सापडले नाही.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. आपली सर्वसाधारण समजूत अशी की, संकटात धान्य संपते म्हणून माणसे उपाशी राहतात आणि उपाशी राहतात म्हणून मरतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे उदाहरण घ्या. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. प्रा. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हिशेब मांडला, तो वाचून मी थक्क झालो. त्या वर्षी बंगालमध्ये जेवढा तांदूळ होता, तो १९४१ सालापेक्षा कमी नव्हता, उलट जास्तच होता. आणि १९४१ साली तर दुष्काळ पडला नव्हता! मग झाले काय? महायुद्धामुळे भाव भडकले. डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ मे १९४३ मध्ये तिसाच्या वर गेला. ज्याच्या घरात स्वतःच्या शेतातला तांदूळ होता तो बहुधा तगला. मेला तो शेतमजूर. मेला तो कोळी, कारण जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने आधीच्या वर्षी नावा काढून घेतल्या होत्या. न्हावीही मेला. पोटाला चिमटा बसला की माणूस दाढी-कटिंग आधी बंद करतो, आणि त्या न्हाव्याच्या घरी चूल पेटत नाही. बाजारात तांदूळ होता. यांच्या मुठीत तो घेण्याची ऐपत उरली नव्हती.

त्याहूनही विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. १९४३ अखेरीस उत्तम पीक आले. तरीही त्या दुष्काळाचे निम्म्याहून अधिक बळी १९४३ नंतर गेले. मलेरिया, पटकी, देवी, आव यांनी ते गेले. भुकेने खंगलेल्या देहात रोगाशी झुंजण्याचे बळ नसते. रोग झाला की अन्न जात नाही, गेले तरी अंगी लागत नाही, म्हणजे देह आणखी खंगतो. युनिसेफने १९९० मध्ये कुपोषणाच्या कारणांची जी मांडणी केली, तीत अपुरा आहार आणि आजार ही दोन्ही कारणे म्हणूनच शेजारी-शेजारी ठेवली आहेत. त्यांच्या मागे तीन गोष्टी सांगितल्या आहेत: घरात अन्न येण्याची शाश्वती, मुलाकडे पाहायला कोणीतरी असणे, आणि स्वच्छ पाणी व दवाखाना. यांतली मधली गोष्ट आपण पुरुषमंडळी नेहमी विसरतो. त्यासाठी मला माझ्याच घरात यावे लागते.

१९७२-७३ चा आपल्या महाराष्ट्राचा दुष्काळ. सभागृहातल्या काही बुजुर्गांनी तो पाहिलेला आहे. पावसाने वर्षामागून वर्ष दगा दिला होता आणि धान्याचे पीक सर्वसाधारण वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आले होते. बंगालच्या मानाने ही तूट कितीतरी मोठी. तथापि बंगालसारखे मृत्यूचे थैमान येथे झाले नाही. त्याचे मोठे कारण म्हणजे दुष्काळी कामे. मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडत होती, पाझर तलाव नि नालाबांध घालत होती. हाती मजुरी आली, म्हणून धान्य विकत घेता आले. याच अनुभवावर पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. तो १९७७ मध्ये संमत झाला आणि १९७९ पासून अमलात आला. या गोष्टीचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा, मलाही वाटतो.

माझी दादी त्या ५० लाखांतली एक. खडी फोडून तिच्या हाताला पडलेले घट्टे मी लहानपणी बोट फिरवून पाहिले आहेत. मिलो ज्वारीच्या लालसर भाकरीला ती अखेरपर्यंत नावे ठेवी, पण कामावर मिळणाऱ्या सुकडीचे कौतुक करी. आमच्या घरातले कोणी त्या दुष्काळात उपाशी मेले नाही, असे ती सांगे. ते खरेही होते.

पण तिची दोन वर्षांची मुलगी, म्हणजे माझी फुफी, १९७३ च्या पावसाळ्यात गेली. पाऊस आला होता, रान हिरवे झाले होते, आणि मूल गेले. घरात सांगत, गोवराने गेली. दादी म्हणे, "अंगानं तर चांगली भरली होती रे, गाल वर आले होते. नजर लागली."

ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली असेन. २०१९ नंतर तिचा अर्थ लागला. त्या जानेवारीत माझ्या धाकट्या चाचांचा जन्म झाला, तेव्हा फुफीचे अंगावरचे दूध तुटले. चाळीस दिवस होताच दादी पुन्हा कामावर गेली. न जाऊन चालणारच नव्हते. १९३३ मध्ये आफ्रिकेतील आजच्या घाना देशात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी अशाच मुलांच्या एका आजाराचे वर्णन केले. तिथल्या लोकांचा त्यासाठीचा शब्द 'क्वाशिओरकोर'. पाठचे भावंड आले म्हणजे आधीच्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ सांगतात. यात मूल वाळत नाही, सुजते. पाय, गाल भरल्यासारखे दिसतात आणि आईला वाटते, बाळसे आले. तो केवळ प्रथिनांच्या अभावाने होतो असे पूर्वी शिकवीत, आता जाणकार तितक्या ठामपणे तसे म्हणत नाहीत. माझी फुफी त्यानेच आजारी होती असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दादीच्या तोंडून ऐकलेले वर्णन तंतोतंत त्याचेच आहे. अशा मुलाला गोवर गाठतो तेव्हा तो नुसता गोवर राहत नाही.

माता-भगिनींनो, म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. उचलल्यावर दोन्हीकडे खळगा तसाच राहिला, तर ती तब्येत नव्हे, सूज आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मधला घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते अतितीव्र कुपोषण. मोजायच्या फिती अंगणवाडीत असतात. काही मी आज आणल्या आहेत, दाराजवळच्या टेबलावर आहेत.

मदतीच्या टेम्पोची यादीही आम्ही बदलली आहे. धान्य आहेच. पण आता झाकणाची भांडी, पाण्यात टाकायचे क्लोरीनचे थेंब, जलसंजीवनीची पाकिटे जातात. एक मोठा पडदा आणि दोन चटया जातात, छावणीत आईला आडोशाला बसून पाजता यावे म्हणून. गेल्या वेळी काही मंडळींनी विचारले, पडद्यासाठी चंदा कशाला? त्याचे उत्तर मला वाटते मी आज दिले आहे.

हे सारे मी प्रथम घरी अब्बांना सांगितले. दुष्काळात ते आठ वर्षांचे होते. दादी खडी फोडायची तेव्हा लिंबाच्या झाडाखाली फुफीला सांभाळायचे काम त्यांच्याकडे असे. दादी सुकडी पदरात बांधून आणी, आणि तिला भरवायची ती अब्बांनीच. माझे बोलणे त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सुकडी मी ओढ्यातल्या झऱ्याच्या पाण्यात भिजवायचो. जनावरं पण तिथंच प्यायची."