जामीन : ऐपतीचा की विश्वासाचा?

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जामीन हा वकिलांचा आणि न्यायालयांचा विषय. त्याच्याशी ग्रामपंचायतीचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो संबंध कोणता, हेच मला आज सांगावयाचे आहे.

सन २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५ हून अधिक, कच्चे कैदी होते. अपराध सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानावा, हे आपल्या न्यायव्यवस्थेचे मूलतत्त्व आहे. आरोपी पळून जाईल किंवा साक्षीदारांवर दबाव आणील अशी साधार भीती असेल, तेथे त्याला स्थानबद्ध ठेवणे भाग आहे. परंतु केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून एखाद्याने कोठडीत राहावे, हे कोणत्या न्यायात बसते?

सन १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याला जामीन मंजूर झाला होता. पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातील म्हणून नाकारला गेला. अखेर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाने एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका झाली. पुढच्याच वर्षी, हुसैनारा खातून खटल्यात, बिहारमधील काही कच्चे कैदी त्यांच्या कथित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ तुरुंगात असल्याचे उघड झाले. न्यायमूर्ती भगवती यांनी तेव्हा सांगितले की, आरोपीची ऐपत न पाहता समाजात त्याची मुळे किती रुजली आहेत ते पाहावे : वास्तव्य किती वर्षांचे, कामधंदा कोणता, कुटुंब कोठे, पूर्ववर्तन कसे.

कायद्याची पावले या दिशेने पडली, पण सावकाश. कमाल शिक्षेचा निम्मा काळ कोठडीत गेल्यावर सुटकेची तरतूद २००५ च्या दुरुस्तीने झाली व २००६ मध्ये अंमलात आली. विधी आयोगाने २०१७ मध्ये सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मर्यादा एकतृतीयांशावर आणण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जामिनासाठी स्वतंत्र कायदा करण्याचा विचार सुचविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीला एकतृतीयांश काळानंतर बंधपत्रावर, म्हणजे जामीनदाराविना, सोडावयाचे आहे. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. मृत्युदंड वा आजन्म कारावासाच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असलेल्यांनाही ती मिळत नाही. ही दुसरी अट फार व्यापक आहे, तिचा फेरविचार व्हावा, असे माझे नम्र मत आहे.

आता आपल्या संबंधाकडे वळतो. आरोपीची मुळे गावात आहेत की नाहीत, हे न्यायालयाला कोण सांगणार? त्याचे घर, त्याची शेतमजुरी, शाळेत जाणारी त्याची मुले, हे सरपंचांना आणि गुरुजींना ठाऊक असते. रहिवासाचा खरा दाखला विनाविलंब द्यावा. गावातला कोणी कोठडीत असल्यास त्याच्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवावा. कोठडीतील व्यक्तीला तेथे विनामूल्य वकील मिळतो. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी अडकलेल्या गरीब बंद्यांसाठी केंद्राची २०२३ ची साहाय्य योजना आहे, हेही त्यांना सांगावे.

येथे कोणाच्या अपराधावर पांघरूण घालावयाचे नाही. अपराधाचा निर्णय न्यायालय करील. तो होईपर्यंत एखाद्याचे घर उघड्यावर पडू नये, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.