महाडचे पाणी आणि आमची रेषा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी पुराचा व दरडींचा विषय काढावा, हे काहींस अप्रशस्त वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांची मूळ घरे महाडात अथवा महाडच्या आसमंतात आहेत. जी मंडळी पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास गेली, तीही आषाढात पावसाची झड लागली की दूरध्वनीवरून पहिला प्रश्न 'पाणी कोठवर आले?' हाच करतात. त्या प्रश्नाचे उत्तर एकदा नीट द्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही येथे उभे आहोत.

महाडास पूर का येतो, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. सावित्री उगम पावते महाबळेश्वरी, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंचीवर. तेथून ती घाट उतरून पोलादपूरवरून पाहतापाहता सपाटीवर येते. रायगडाच्या अंगाने येणाऱ्या काळ व गांधारी या नद्याही महाडच्या आसपासच तिला मिळतात. इकडे बाणकोटच्या खाडीची भरती थेट महाडपर्यंत चढते. पूर्वी याच भरतीच्या आधारे गलबते महाड बंदरास लागत व त्यावरच आपली बाजारपेठ वाढली. म्हणजे ज्या पाण्याने गावास वैभव दिले, तेच डोंगरातील लोंढ्याची वाट अडवते. वरून लोंढा व खालून भरती अशी गाठ पडली की मधल्या गावाने जावे कोठे? त्यात नदीच्या पात्रात साचलेल्या गाळाची भर.

आता अलीकडच्या आपत्तींचा आढावा घेऊ. 25 व 26 जुलै 2005 या दोन दिवसांतील प्रलय आपण विसरला नसाल. गाव पाण्याखाली गेलेच, पण तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. पुढे 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा जुना दगडी पूल वाहून गेला व त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीने गिळल्या. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. आणि 22 जुलै 2021 रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले, त्याच सुमारास महाड शहरही बुडाले. त्या वेळी महाबळेश्वरी अवघ्या चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला होता.

या शेवटच्या पुराविषयी आम्हांस एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगताना संकोच वाटतो, तरी सांगणे प्राप्त आहे.

2005 चे पाणी ओसरल्यावर आम्ही आमच्या माजघराच्या भिंतीवर, पाणी चढले होते तेथवर, गेरूने एक रेषा ओढली व शेजारी तारीख लिहिली. सोळा वर्षे आम्ही ती रेषा येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखवीत असू. आपल्या ज्ञातीतील घराण्यांच्या वंशावळींची हस्तलिखित वही आमच्याकडे होती. ती आम्ही त्या रेषेच्या हातभर वर, फडताळात ठेवली होती. 2021 च्या त्या दिवशी पाणी गल्लीत शिरू लागले, तेव्हा शेजारच्या वृद्ध काकूंनी दारातून विचारले, "गुरुजी, सामान माळ्यावर चढवू का हो?" आम्ही म्हणालो, "काकू, रेषेच्या वर पाणी येणार नाही. उगीच दगदग करू नका." जन्मभर वर्गात बोललो, त्याच खात्रीच्या सुरात बोललो. त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

पाणी रेषेवर गेले, फडताळावर गेले. काकू एकट्या, गुडघ्यांनी अधू. पलीकडच्या गल्लीतील तरुणांनी ट्यूब बांधून त्यांस बाहेर काढले, म्हणून त्या वाचल्या. त्यांचे शिवणयंत्र, धान्य, यजमानांची एकमेव तसबीर, सर्व गेले. आमच्या वहीचा लगदा झाला. ते तरुण कोणत्या ज्ञातीचे होते, हे आम्ही त्या रात्री विचारले नाही व पुढेही विचारले नाही. चवदार तळ्याचे पाणी सर्वांस मोकळे व्हावे म्हणून 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या गावात सत्याग्रह केला, त्या गावात राहून हे विचारण्याचा अधिकार आम्हांस नाही. काकूंनी आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

रेषा ही येऊन गेलेल्या पाण्याची साक्ष असते, येणाऱ्या पाण्याची ती मर्यादा नव्हे. एवढी साधी गोष्ट आम्हां शिक्षकास कळू नये, याचा विषाद वाटतो. म्हणून ज्ञातिबांधवांस तीन विनंत्या करतो.

पहिली, घरोघरी पाण्याची खूण व तारीख अवश्य लिहावी, परंतु सामान बांधताना ती खूण पाहू नये. महाड येथे सावित्रीची धोक्याची पातळी 6.5 मीटर आहे. नदी तिच्याजवळ येताच हालचाल करावी. पंचांगही पाहावे, कारण अमावास्या-पौर्णिमेस उधाणाची भरती असते. 2016 चा पूल आषाढी अमावास्येस गेला, 2021 चा पूर गुरुपौर्णिमेच्या तोंडावर आला. मात्र 2005 चा पूर पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी आला होता, तेव्हा केवळ तिथीवर विसंबून निर्धास्त राहू नये.

दुसरी, वंशावळींची वही पुन्हा लिहावयाची आहे. प्रत्येक घराने वडीलधाऱ्यांस विचारून आपली माहिती पाठवावी. आम्ही तीन प्रती करू. त्यांपैकी एक मुंबईस व एक पुण्यास राहील.

तिसरी, गल्लीत जे एकटे व वृद्ध असतील, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, त्यांची जबाबदारी पावसाळ्यापूर्वीच एकेका घराने नेमून घ्यावी. रात्री पाणी दारात आल्यावर हा विचार सुचत नाही.

काकू आता मुलीकडे असतात. गेल्या आषाढात त्यांचा दूरध्वनी आला. त्यांनी विचारले, "गुरुजी, पाणी कोठवर आले?" आम्ही उत्तर दिले, "काकू, ठाऊक नाही, पण सामान माळ्यावर चढविले आहे."