पोलादाचे उरलेले आयुष्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वीजकेंद्राच्या मुख्य वाफनळीतून सुमारे ५४० अंश सेल्सियसची वाफ अहोरात्र वाहत असते. रात्रपाळीला तिच्याखालून माणसांची ये-जा चालू असते. तेव्हा ही नळी आणखी किती वर्षे टिकेल, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

ग्रंथालयातील लाकडी फळी पुस्तकांच्या भाराने वर्षानुवर्षे वाकत गेलेली आपण पाहिली असेल. भार वाढलेला नसतो. काळ गेलेला असतो. तापलेले पोलादही दाबाखाली असेच तसूतसूने ताणले जाते. यालाच आम्ही मंडळी ‘क्रीप’ म्हणतो. जुन्या नळ्यांचे आराखडे एक लाख तासांचे, म्हणजे अखंड चालल्यास सुमारे साडेअकरा वर्षांचे आयुष्य धरून केले जात. हा हिशेब तापमानापुढे फार नाजूक आहे. लार्सन आणि मिलर यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार ५४० ऐवजी ५५० अंश ठेवल्यास आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. उलटपक्षी, बेताने चालविलेली नळी लाख तासांनंतरही धडधाकट असू शकते. तिला अठ्ठावन्नाव्या वर्षीच निरोपाचा हार घालणे म्हणजे उधळपट्टी! भारतीय बॉयलर नियमावलीत जुन्या बॉयलरांच्या उर्वरित आयुष्याच्या तपासणीची तरतूद आली ती यासाठीच.

या तपासणीत आम्ही नळीचा लहानसा भाग घासून आरशासारखा करतो, आम्लाने त्याची कणरचना खुलवतो आणि अ‍ॅसिटोनने मऊ केलेल्या पातळ प्लॅस्टिकवर तिचा ठसा घेतो. नळी कापावी लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या सीमांवर सुट्या पोकळ्या दिसल्या तर नजर ठेवावी. त्यांची रांग लागली तर पुढील तपासणी अलीकडे आणावी. त्या जुळून सूक्ष्म तडे झाले की दुरुस्तीची सिद्धता करावी. मोठा तडा दिसताच विलंब नको. नॉयबाउअर आणि वेडेल यांची १९८३ ची ही प्रतवारी आजही वापरात आहे.

तथापि ठसा पृष्ठभागाचा असतो. अमेरिकेतील मोहावे वीजकेंद्रात जून १९८५ मध्ये पुन्हा तापविलेल्या वाफेची नळी लांबीच्या वेल्डवर फुटली आणि सहाजण मृत्युमुखी पडले. अशा जोडांत इजा जाडीच्या आतही वाढू शकते. नऊ टक्के क्रोमियमच्या नव्या पोलादात तर वेल्डलगतच्या नरम पट्ट्यात ती दडून वाढते. ठसा मात्र पुष्कळदा निर्मळ येतो. ठसा निर्मळ आला की मुदतवाढीच्या कागदावर सही मागितली जाते. स्वनातीत ध्वनिलहरींनी जोड आतून पाहिल्यावाचून, कठिणता मोजल्यावाचून ती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही शंका उरली तर नमुना कापून जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पाठवावा. तेथे तो तापत्या भट्टीत भाराखाली हजारो तास टांगलेला राहतो.