रोस्किल्डचे नौकासंग्रहालय
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ज्या ज्ञातीच्या वाडवडिलांचे हात गलबते घडविण्यात झिजले, तिच्यापुढे डेन्मार्कमधील एका संग्रहालयाची हकिकत सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

इ. स. १०७० च्या सुमारास रोस्किल्ड नगराकडे येणारा जलमार्ग शत्रूला बंद व्हावा, म्हणून तेथील लोकांनी खाडीत जुनी जहाजे दगड भरून बुडविली. १९६२ साली भोवती बांध घालून व पाणी उपसून ती वर काढण्यात आली. प्रथम ती सहा वाटली. पुढे दुसरी आणि चौथी ही एकाच लांब युद्धनौकेचे भाग ठरली. त्यामुळे त्यांच्या क्रमांकांत आजही चार हा आकडा नाही! नऊशे वर्षे पाण्यात मुरलेले लाकूड तसेच वाळू दिले असते, तर आक्रसून फुटले असते. त्यातील पाण्याच्या जागी मेणासारखे द्रव्य मुरवावे लागले.

१९६९ साली या नौकांसाठी खाडीच्या अगदी काठावर काँक्रीटचे दालन उभे राहिले. वास्तुशिल्पज्ञ एरिक ख्रिस्तियन सोरेन्सन यांनी पाण्याकडील बाजू काचेची केली. नौकेच्या सांगाड्यामागे प्रेक्षकास खाडीच दिसावी हा हेतू. कल्पना खरोखर थोर होती. परंतु खाऱ्या हवापाण्याने काँक्रीट पोखरले, आणि डिसेंबर २०१३ च्या वादळात खाडी त्याच काचांवर येऊन थडकली. नौका बचावल्या. २०१८ साली सरकारने या वास्तूचे संरक्षण काढून घेतले, तेव्हा नव्या दालनाचा मार्ग मोकळा झाला.

नवे दालन कोठे असावे? जुन्याचे सौंदर्य मनातून जात नाही, हे मी जाणतो. तरीही मूळ नौका पाण्यापासून दूर व उंचावर न्याव्यात, असेच माझे मत आहे. त्या गेल्या तर पुन्हा मिळणे नाही. काठ सोडावा तो कारागिरांसाठी. त्या संग्रहालयाच्या आवारात जुन्या धर्तीच्या नौका आजही बांधल्या जातात. वर सांगितलेली युद्धनौका मुळात डब्लिनकडच्या ओकची, १०४२ च्या सुमारास बांधलेली. तिची प्रतिकृती याच आवारात घडली आणि २००७ साली समुद्रमार्गे डब्लिनला पोचली. फळी कशी वाकते, शीड किती वारा पेलते, हे काचेआडच्या सांगाड्याने कधीच सांगितले नसते.

आपल्याकडील मिस्त्री नकाशावाचून, नजरेने मचवा बांधीत. ते ज्ञान कागदावर नाही. तशी मापे ज्यांच्या स्मरणात असतील, त्या वडीलधाऱ्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे आपली नावे द्यावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.