बिघाड शोधावा कसा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी संगणकांचे जाळे आणि त्यातील बिघाड हा विषय आम्हांला दिला, याचे काही मंडळींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, पगारवाढीवर बोलावे. युनिक्सशी त्याचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. यंत्र बंद पडले की कचेरीत पहिला प्रश्न निघतो, ‘कोणी बिघडवले?’ खरे तर आधी विचारावयास हवे, ‘कोठे बिघडले?’ या दोन प्रश्नांत एखाद्याच्या नोकरीइतके अंतर असते.

आम्ही शाळा लवकर सोडलेली माणसे. युनिक्स शिकलो ते फोर्टातल्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून. तेव्हा जे सांगावयाचे ते साध्या भाषेतच सांगू.

युनिक्स म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी व्यवस्था. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी तिचा आरंभ केला. पुढे त्याच घडणीच्या अनेक प्रणाली निघाल्या. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली लिनक्स ही त्यांतली आज सर्वांत पसरलेली.

आपल्या मुंबईचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. १९८६ साली ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचे काम सुरू झाले. त्यात जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते आणि पवईची आय.आय.टी. होती. जुहूचे हे केंद्र कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेले. प्रारंभी या जाळ्यावर फक्त पत्रे जात, आणि तीही ‘यूयूसीपी’ पद्धतीने. या पद्धतीत एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, ‘लॉगिन’ हा शब्द येण्याची वाट पाही, आणि तो आला की आपले नाव सांगे. आता गंमत पाहा. हा शब्द इंग्रजीत लिहिताना कोणते यंत्र पहिले अक्षर मोठे लिही, कोणते लहान. वाट पाहणाऱ्या यंत्राला तो फरक चाले ना, आणि पत्रे पडून राहत. म्हणून जाणती माणसे यंत्राला पहिले अक्षर वगळून पुढच्याच अक्षरांची वाट पाहावयास सांगत. तार चांगली, फोन चांगला, यंत्रही चांगले, आणि एका अक्षरापायी टपाल बंद!

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठी खुले केले. तेव्हाचे ‘शेल’ खाते आपणांपैकी काहींना आठवत असेल. गिरगावातून किंवा दादरहून मोडेमने फोन लावावयाचा आणि निगमाच्या युनिक्स यंत्रात शिरावयाचे. चित्रे नाहीत, नुसती अक्षरे. फोन लागेना, तर दोष लाइनचा. फोन लागला पण पडद्यावर अक्षरांचा चिवडा आला, तर एक तर लाइनवर खरखर, नाही तर एका टोकाला सात बिटांचा हिशेब आणि दुसऱ्या टोकाला आठांचा. अक्षरे स्वच्छ आली पण प्रवेश मिळेना, तर नाव किंवा परवलीचा शब्द तपासावयाचा. प्रत्येक पायरीचे लक्षण निराळे असते. ते ओळखणे हीच या कामातली अर्धी विद्या.

आता एक घडलेली हकीगत सांगतो. त्याच दशकात परळच्या एका कचेरीत एक युनिक्स यंत्र आणि त्याला जोडलेले दहा-बारा संगणक होते. दुपारी अधूनमधून सारे जाळे एकदम बंद पडे. व्यवस्थापनाने ऑपरेटर म्हणून काम करणाऱ्या एका भगिनीला निष्काळजीपणाचे आरोपपत्र दिले. ती संघटनेकडे आली. आम्ही म्हटले, चौकशी जरूर करा, पण आधी तारेची करा. आठ दिवस एक वही ठेवावयास लावली. बंद केव्हा पडले, चालू केव्हा झाले, एवढेच तीत लिहावयाचे. वहीने सांगितले की बंद पडण्याची वेळ एक ते दीड, म्हणजे जेवणाच्या सुट्टीची.

मग त्या वेळी आम्ही मंडळी यंत्रापाशी बसलो. १९८३ साली माइक म्यूस यांनी लिहिलेला ‘पिंग’ नावाचा छोटा प्रोग्राम आहे. तो दुसऱ्या यंत्राला हाक मारतो आणि ‘ओ’ येते का पाहतो. पहिली हाक १२७.०.०.१ या पत्त्यावर दिली. हा प्रत्येक यंत्राचा स्वतःचाच घरगुती पत्ता. उत्तर आले, म्हणजे आतली व्यवस्था शाबूत. नंतर जाळ्यावरच्या आपल्याच पत्त्यावर हाक दिली. उत्तर आले, पण ती हाक यंत्राच्या आतच फिरते, तिने तारेची परीक्षा होत नाही. तिसरी हाक शेजारच्या संगणकाला. उत्तर नाही. हाक नावाने न देता आकड्यांच्या पत्त्याने दिली होती, म्हणून नावांच्या यादीत चूक असण्याचाही प्रश्न उरला नाही. ‘नेटस्टॅट’ने चुकांचा आकडा वाढता दाखवला. तेव्हा उरली ती तार.

ती तार पातळ कोअॅक्सियल जातीची होती. एका सलग तुकड्याची मर्यादा १८५ मीटर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची बुचे. मध्ये कोठेही जोड सुटला की संदेश तुटक्या टोकावर आपटून मागे फिरतो आणि सर्वांचेच बोलणे बंद पडते. आम्ही तार मधोमध सोडली, तेथे बूच लावले आणि कोणता अर्धा जिवंत होतो ते पाहिले. मेलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग केले. अशा रीतीने बारा जोडांतला सदोष जोड तीन-चार खेपांत सापडतो.

तो एका टेबलाच्या पायाशी सापडला. कचेरीत डबा खावयास जागा नव्हती. माणसे दोन टेबले ओढून एकत्र करीत, आणि जमिनीवर उघडी टाकलेली तार ताणली जाई. जेवण आटोपून टेबले जागच्या जागी गेली की जोड पुन्हा टेके आणि जाळे चालू होई. आरोपपत्र मागे घेतले गेले. संघटनेने दोन मागण्या केल्या: तार भिंतीवरून न्या, आणि कामगारांना जेवावयास खोली द्या. पहिली आठवड्यात मान्य झाली. दुसरीसाठी वर्षभर भांडावे लागले.

आज तारा बदलल्या, पुष्कळ ठिकाणी त्या दिसेनाशाही झाल्या. पण लिनक्सवर ‘पिंग’ आहे, आणि शोधाचा क्रमही तोच आहे. आपल्या टोकापासून निघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वेळेची नोंद ठेवा. जे तपासून निर्दोष ठरले ते बाजूला काढा. आणि हे सारे होईपर्यंत कोणाच्याही नावाने कागद काढू नका.

कामगाराने यंत्राची भाषा शिकावी, असे आम्ही यासाठीच म्हणतो. भाषा येत नसली की यंत्राची साक्ष मालकच वाचून दाखवतो, आणि ती आपल्याला मुकाट्याने ऐकावी लागते. ती भाषा येत होती म्हणून त्या भगिनीची नोकरी राहिली.