तीनला उठणाऱ्या बायांचा धंदा

(नारायणगडाच्या पायथ्याशी भरलेल्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि माझ्यासारख्या कार्यकर्त्या पोरींनो,

आजचा विषय मला दिलाय तो असा : ‘धंदा करू इच्छिणाऱ्या स्त्रियांनी कोणत्या सवयी लावून घ्याव्यात?’ या विषयावर बोलण्याआधी मला माझी एक चूक कबूल करायची आहे.

समाजकार्याची पदवी घेऊन मी या भागात आले तेव्हा पहिल्याच वर्षी आम्ही बायांसाठी उद्योजकता शिबिर घेतलं. शहरातून एक प्रशिक्षक बोलावले. माणूस चांगला होता, बोलायचाही छान. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘यशस्वी माणूस पहाटे पाचला उठतो.’ मागच्या रांगेतली एक मावशी उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, आमी तर तीनलाच उठताव. मंग दोन घंटे आणखी निजू का काय?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी गेल्यावर मात्र झोप येईना. त्या मावशीनं एका वाक्यात आमचं शिबिर मोडीत काढलं होतं. आम्ही बायांना जिद्द शिकवायला निघालो होतो. कारखान्यावर थंडीत तीनला उठून भाकऱ्या थापायच्या, उजाडायच्या आत फडात जायचं, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या, रात्री कोपीवर येऊन पुन्हा चूल पेटवायची. हे करणाऱ्या बाईला आळस झटका म्हणून सांगायला आम्हाला लाज वाटायला हवी होती.

तेव्हा आज मी जिद्दीवर बोलणार नाही. ती तुमच्याकडं आहे. मी बोलणार आहे वेळेवर, वहीवर, गल्ल्यावर आणि नावावर.

वेळ कुणाची?

केंद्र सरकारनं 2019 मध्ये देशभर एक पाहणी केली. माणसं चोवीस तास कशात घालवतात याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं, असं निघालं. 2024 मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायांची 289 मिनिटं, पुरुषांची 88. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषानंही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली!

आता यात धंद्याला वेळ कुठून काढायचा? पुस्तकं सांगतात, वेळेचं नियोजन करा. नियोजन करायला आधी वेळ आपल्या मालकीची लागते. दळण, पाणी, सरपण, म्हातारी माणसं, पोरं, पाहुणे, हे सगळं तसंच ठेवून बाईनं वर पापड लाटायचे, तर तो उद्योग नव्हे. ती तिसरी पाळी झाली. म्हणून गटात कर्जाचा अर्ज भरताना आम्ही आता एक प्रश्न विचारतो : तू धंद्यावर असशील तेव्हा घरातलं कोणतं काम कोण करणार? नवरा, सासू, दीर, पोरगा, कुणाचं तरी नाव सांगायचं. एका घरात पोरानं पाणी भरायचं कबूल केलं. दुसऱ्या घरात सासऱ्यानं शेरडं सांभाळायची. फार मोठी क्रांती नव्हे, पण बाईला रोजचा दीड तास मिळाला, आणि तो मागून मिळाला.

रेघांची वही

आपल्या जिल्ह्यात दिवाळी झाली की गावं ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल जोडप्याला मिळते, घेतो नवरा, फेडतात दोघं. आमच्या एका गटातल्या बाईला आम्ही म्हणत होतो, यंदा तू जाऊ नकोस, गटाचा लाडू-चटणीचा धंदा सांभाळ. ती म्हणाली, “ताई, म्या ऱ्हायले तर आर्धा कोयता व्हतो. मुकादम आर्ध्या कोयत्याला दारात उभा करंल का?”

तिचं खरं होतं. उचल फेडण्याएवढा पैसा गटाकडं नव्हता. ती गेली. जाताना आम्ही तिच्याबरोबर एक वही दिली. तिला लिहिता येत नव्हतं. मग असं ठरलं : कामाच्या दिवसाला उभी रेघ, खाड्याला फुली, आणि वाढे विकले की शेवटच्या पानावर दहा रुपयांना एक टिंब.

उसाचे वाढे बांधून वैरणीला विकायचे हा धंदा आपल्या बाया वर्षानुवर्षं करत आल्यात. गिऱ्हाईक ओळखायचं, पेंढी केवढी बांधायची ते ठरवायचं, दुपारनंतर भाव पाडायचा की नाही ते बघायचं. याला धंदा म्हणत नाहीत, एवढंच. ते पैसे मिठामिरचीत जातात आणि कुणाच्या हिशेबात येत नाहीत.

चैतात ती परत आली. मुकादमाच्या वहीत सहा खाडे होते, तिच्या वहीत चार फुल्या. खाड्याला दिवसाचे पाचशे कापत होते. नवरा म्हणाला, जाऊ दे, वाद नको. गटातल्या पाचजणी तिच्याबरोबर गेल्या. वही पुढं ठेवली. बराच वेळ बोलाचाली झाली, शेवटी दोन खाडे खोडले गेले. हजार रुपये. रकमेपेक्षा मोठी गोष्ट ही, की हिशेब करताना पहिल्यांदाच दोन वह्या समोरासमोर आल्या. आणि शेवटच्या पानावरच्या टिंबांचे झाले चार हजारांच्या वर. ते तिनं स्वतःच्या खात्यात टाकले.

त्या सालानंतर त्या घरानं उचल कमी घेतली. कोयता सुटला, असं मी सांगणार नाही. सुटलेला नाही. कमी झाला.

खाड्याचा विषय निघालाय म्हणून आठवण देते. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये महाराष्ट्रभर गाजला. शासनाच्या समितीपुढं 82,309 बायांची पाहणी आली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीतल्या दिवसांचा खाडा परवडत नाही, हेही त्यामागचं एक कारण होतं. कामाचा वेग वाढवा, एक दिवस वाया घालवू नका, हा उपदेश बाईच्या अंगावर कुठवर जातो ते यात दिसतं. म्हणून आपल्या गटाच्या धंद्यात आपण पहिला नियम हा करू : दुखणाऱ्या अंगानं काम करायचं नाही, आणि त्या दिवशीचा वाटा कापायचा नाही.

गडावर नगद, गडाखाली उधार

आता गल्ल्याकडं येते. आपण धाकट्या पंढरीत बसलोय. इथल्या देवाला सगळे नगद नारायण म्हणतात. बायांच्या धंद्यात मात्र नगद कमी आणि उधारी फार. जावेला उधार, शेजारणीला उधार, सरपंचाच्या घरी तर मागायचीच सोय नाही.

एकादशीला गडावर विकायला आमच्या तिघीजणींनी शेंगदाण्याचे लाडू केले. शेंगदाणे 910 रुपयांचे, गूळ 200, गॅस आणि पिशव्या 90, रिक्षा 100. झाले 1300. दहा किलो लाडू 180 रुपये किलोनं विकले, आले 1800. सगळ्या खूष, पाचशे रुपये नफा! मी विचारलं, तुमची मजुरी? “आमची कसली मजुरी, घरचंच काम.” मग हिशेब मांडला. तिघी, दोन दिवस, म्हणजे सहा रोज. पाचशेला सहानं भागा. त्र्याऐंशी रुपये. खुरपायला याच्या तिप्पट मिळतात.

पुढच्या एकादशीला त्यांनी किलोनं विकणं बंद केलं. किलोत तीस लाडू बसतात. दहा रुपयाला एक लाडू. उपाशी वारकऱ्याला किलो नको असतं, दोन हवे असतात. त्याच दहा किलोंचे 3000 आले. खर्च तोच. उरले 1700, रोजाला 283. त्या दिवशी एकीनं मला विचारलं, “म्हंजी आदी आमी लाडू इकत नव्हताव, सोताला इकत व्हताव?”

तर सवय कोणती लावायची? किंमत ठरवताना आपला रोज आधी धरायचा. घराचा डबा वेगळा, धंद्याचा डबा वेगळा. घरासाठी धंद्यातून पैसे काढले तर तेही लिहायचे, मग ते पोराच्या फीसाठी असोत की नवऱ्याच्या पेट्रोलसाठी. लिहिलं की कुणाचा किती हात डब्यात जातो ते दिसतं. आणि उधारी गटाच्या नावानं नाकारायची. “मला द्यायचंय हो, पण गट ऐकत नाही,” असं म्हटलं की नातंही तुटत नाही.

मुंबईत गिरगावात 15 मार्च 1959 ला सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आजचं लिज्जत. त्यांनी दान घ्यायचं नाही हे सुरुवातीलाच ठरवलं, आणि नफातोटा सगळ्यांचा. लाटणाऱ्या बाईच्या हातावर तिच्या कामाचा पैसा लगेच पडावा, हा तिथला शिरस्ता. बाईचं काम नगद मोजणं हीच त्या धंद्याची पायाभरणी.

नाव कुणाचं?

म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. बायांनी बँकेसाठी अर्ज केला, रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला, कारण सभासद बाया निरक्षर होत्या. त्या बाया अक्षरं गिरवायला बसल्या, आणि पुन्हा साहेबांसमोर जाऊन म्हणाल्या, आम्हाला व्याज काढायला सांगा, बघा येतं का नाही. 1997 मध्ये चेतना सिन्हांच्या पुढाकारानं ती बँक उभी राहिली. निरक्षर आणि बेहिशेबी हे दोन शब्द वेगळे आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडं घडतं ते उलटं. 1992 मध्ये नाबार्डनं बचत गट बँकांना जोडले, तारण नसलेल्या बाईला कर्जाची वाट उघडली. आपल्याला तारण नाही, कारण जमीन नावावर नाही. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात 1994 ला झाला, देशभर 2005 ला. कायदा कागदावर आणि सातबारा भावाच्या नावावर. मग बाईला मिळतं ते गटाचं कर्ज. आणि ते घरात गेलं की होते मोटारसायकल. हप्ता बाईचा, चावी त्याची.

त्यात आता दारोदार कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्या आल्यात. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, दुसरीसाठी तिसरीचं. रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे : घराच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाता कामा नये. पुढच्या वेळी कुणी सही मागायला आलं तर हा नियम तोंडावर म्हणून दाखवा. आणि कार्यकर्त्या पोरींनो, आपल्या अहवालात ‘इतक्या गटांना इतकं कर्ज’ असा रकाना असतो. त्या शेजारी ‘वस्तू कुणाच्या ताब्यात’ असा रकाना आपण कधी काढणार? मी स्वतः तीन वर्षं तो काढला नव्हता.

‘उद्यम’ची नोंदणी 2020 पासून आहे, तिला फी लागत नाही. ती बाईच्या नावानं करा. बँकेतलं खातं बाईचं, मोबाइलवर पैसे घ्यायचा कागद चिकटवला तर तोही तिच्याच खात्याचा. गडाखालच्या एका टपरीवर आठ महिने बाई चहा उकळत होती आणि पैसे नवऱ्याच्या फोनवर वाजत होते.

शेवटचं

मैत्रिणींनो, धंदा केला की बाई मुक्त होते, असं मी म्हणणार नाही. धंदा बुडतोही. सीताफळाचे डोळे उघडले की दोन-तीन दिवसांत फळ पिकतं. आमच्या एका गटाच्या सहा पाट्या एसटीची वाट बघता बघता गेल्या. त्या वेळी कुणाची जिद्द कमी पडली नव्हती, गाडी आली नव्हती. रस्ता, गाडी, पाणी, पाळणाघर हे मागण्याचा आपला मोर्चा आणि आपला धंदा ही एकच गोष्ट आहे. धंदा शिकवतो म्हणून मोर्चा सोडा, असं कुणी सांगितलं तर त्याला नम्रपणे चहा पाजून वाटेला लावा. चहाचे पैसे मात्र घ्या.

यंदा टोळ्या निघण्याआधी प्रत्येक गटानं एवढंच करावं : जाणाऱ्या प्रत्येकीच्या गाठोड्यात एक वही आणि एक पेन्सिल. रेघ, फुली, टिंब. चैतात आपण पुन्हा इथंच बसू, आणि त्या वह्या सगळ्याजणी मिळून वाचू.

ती मावशी, जिनं प्रशिक्षकाला प्रश्न विचारला होता, ती आज समोर बसली आहे. मघाशी मला म्हणाली, “ताई, लई लांबवू नको, साडेपाचची गाडी जाईल.” वेळेचं नियोजन तिच्याकडून शिकून मी इथंच थांबते.